दोन टॉक टॉक नव्हतेच : ‘स्पिरिट ऑफ ईडन’चे प्रकरण

सप्टेंबर १९८८ मध्ये टॉक टॉक या लंडनच्या बँडचा ‘स्पिरिट ऑफ ईडन’ हा चौथा अल्बम पार्लोफोनच्या शिक्क्यासह ब्रिटनमधल्या दुकानांत आला. त्यात सहा रचना होत्या आणि पहिल्या तीन एकमेकींत अशा मिसळलेल्या होत्या की एक कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली हे चटकन सांगता येऊ नये. दूरवरून येणारा ट्रम्पेट, तंतुवाद्यांचा जेमतेम ऐकू येणारा स्वर आणि बराच वेळ फारसे काही न घडणे, अशी त्याची सुरुवात होती. रेडिओवर सहज वाजवावे असे एकही गाणे त्यात नव्हते. याच बँडचा ‘द कलर ऑफ स्प्रिंग’ दोन वर्षांपूर्वी ब्रिटनच्या अल्बमच्या क्रमवारीत आठव्या स्थानापर्यंत गेला होता आणि त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला, म्हणजे ईएमआयला (पार्लोफोन हा तिचाच शिक्का), त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल हवे होते.

ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश पॉपचे आज जे फेरमूल्यांकन चालते त्यात या अल्बमचे स्थान फार वरचे आहे. ते स्थान रास्त आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती त्याची गोष्ट सांगण्याच्या ठरून गेलेल्या रीतीबद्दल. या रीतीनुसार टॉक टॉक दोन होते. पहिला डुरान डुरान या तेव्हाच्या लोकप्रिय ब्रिटिश पॉप बँडची नक्कल करणारा, सिंथेसायझर वाजवणारा, कंपनीने घडवलेला. दुसरा अचानक जागा झालेला, बाजाराकडे पाठ फिरवून शांततेच्या शोधात निघालेला. पहिला विसरायचा आणि दुसऱ्याची पूजा करायची. प्रकरणाचे तपशील बारकाईने पाहिले की ही विभागणी टिकत नाही, आणि ती टिकत नाही हे कळल्यावर त्या दशकातल्या इतर पुष्कळ पॉप संगीताकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

पार्श्वभूमी

टॉक टॉक १९८१ मध्ये स्थापन झाला. गायक आणि गीतकार मार्क हॉलिस, बासवर पॉल वेब, ड्रमवर ली हॅरिस आणि कीबोर्डवर सायमन ब्रेनर, असा तो चौघांचा संच होता. हॉलिसचा थोरला भाऊ एड हा एडी अँड द हॉट रॉड्स या बँडचा व्यवस्थापक होता आणि पंकच्या लाटेत हॉलिसने द रिअ‍ॅक्शन नावाचा स्वतःचा बँडही चालवला होता. ज्या गाण्यावरून नव्या बँडचे नाव आले ते मुळात द रिअ‍ॅक्शनच्या काळातले होते. याचा अर्थ असा की कंपनीने घडवलेला कोरा मुलगा, हे त्याचे चित्र पहिल्याच पायरीवर चुकते.

तरीही हे चित्र तयार झाले त्याला कारण होते. ईएमआयकडे तेव्हा डुरान डुरान होता, त्यांचेच निर्माते कॉलिन थर्स्टन यांनी टॉक टॉकचा ‘द पार्टीज ओव्हर’ हा १९८२ चा पहिला अल्बम केला आणि त्याच सुमारास टॉक टॉकने डुरान डुरानच्या दौऱ्यावर आधी वाजवण्याचे कामही केले. दोन्ही बँडांच्या नावांत एकच शब्द दोनदा येतो, हेही पत्रकारांच्या नजरेतून सुटले नाही. ‘टुडे’ हे सिंगल, म्हणजे स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून काढलेले गाणे, ब्रिटनमध्ये १४व्या क्रमांकापर्यंत गेले. मी हा पहिला अल्बम आजही ऐकतो, पण त्याची बाजू घेण्यासाठी नाही. इलेक्ट्रॉनिक ड्रमचा तो सपाट ठोका, प्रत्येक मोकळी जागा कीबोर्डने भरून टाकण्याची घाई आणि त्यावर तरंगणारा, गरजेपेक्षा जास्त व्याकुळ गळा, हे सारे त्या एका वर्षाचेच राहिले. फेरमूल्यांकन करायचे म्हणजे सगळ्यालाच चांगले म्हणायचे, असे नव्हे.

१९८३ मध्ये ब्रेनर बाहेर पडला आणि टिम फ्रीज-ग्रीन आला. तो अधिकृत सदस्य कधीच झाला नाही, पण पुढच्या सर्व अल्बमांचा निर्माता, कीबोर्डवादक आणि हॉलिसचा सहरचनाकार तोच होता. ‘स्पिरिट ऑफ ईडन’विषयी भक्तिभावाने लिहिणारे बहुतेक जण एक गोष्ट ओलांडून जातात. याच फ्रीज-ग्रीनने १९८२ मध्ये टाइट फिट या गटाचे ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ हे सिंगल केले होते आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले होते. तो रेकॉर्ड म्हणजे निव्वळ करमणूक, चकचकीत आणि हिशेबी. सहा वर्षांनी ज्या माणसाने स्टुडिओत शांततेची मापे घेतली, तो पॉपच्या कारखान्यात हात घासून तयार झालेला कारागीर होता. ध्वनीची कोणती गोष्ट काढली तर काय उरते, हे ज्याने एकावर एक थर रचून पाहिले आहेत त्यालाच नेमके कळते, असे मला वाटते.

पैसा कोठून आला

१९८४ चा ‘इट्स माय लाइफ’ हा दुसरा अल्बम ब्रिटनमध्ये ३५व्या क्रमांकावर थांबला. त्याच नावाचे सिंगल घरी ४६व्या आणि ‘सच अ शेम’ ४९व्या क्रमांकापुढे गेले नाही. मात्र ‘सच अ शेम’ स्वित्झर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, जर्मनीतही अगदी वरपर्यंत पोहोचले, आणि ‘इट्स माय लाइफ’ अमेरिकेत ३१व्या स्थानी आले. ज्यांना ब्रिटनने फारसे विचारले नाही त्यांना युरोपने उचलून धरले. त्यामुळे ‘द कलर ऑफ स्प्रिंग’ करताना हॉलिसच्या हाती पहिल्यांदा खरा पैसा आणि वेळ आला.

सिंथेसायझर आपण आवडीने नव्हे तर परवडतात म्हणून वापरतो, असे हॉलिस सांगत असे. परवडू लागताच त्याने ते बाजूला सारले आणि माणसे बोलावली. ऑर्गनवर स्टीव्ह विनवुड, डबल बासवर डॅनी थॉम्प्सन, गिटारवर रॉबी मॅकिन्टॉश आणि माउथ ऑर्गनवर मार्क फेल्थम आले. अल्बम पूर्ण होत आला तरी त्यात सिंगल म्हणून काढता येईल असे गाणे नाही, ही काळजी व्यवस्थापनाला वाटू लागली, तेव्हा शेवटी शेवटी ‘लाइफ्स व्हॉट यू मेक इट’ तयार झाले आणि ते १६व्या क्रमांकावर गेले. सक्तीतून जन्मलेल्या या गाण्याची रचना नीट ऐकावी. पियानोच्या खालच्या सप्तकातली एक छोटी ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ तशीच वाजत राहते, ड्रमचा ठेकाही बदलत नाही, आणि जे काही घडते ते त्या दोन अचल गोष्टींच्या वर घडते. चार मिनिटांच्या आतबाहेरच्या पॉप गाण्यात एवढा संयम तेव्हा सहसा ऐकू येत नसे. त्याच अल्बमवरच्या ‘कॅमेलिऑन डे’मध्ये तर ड्रम अजिबात नाहीत. पियानो, एक क्षीण फुंकर आणि तुटत तुटत येणारा आवाज, एवढेच आहे. ते गाणे ‘स्पिरिट ऑफ ईडन’मध्ये नेऊन ठेवले तर उपरे वाटणार नाही.

त्या वर्षी बँडने युरोपात मोठा दौरा केला, स्वित्झर्लंडमधल्या माँत्रूच्या संगीत महोत्सवात वाजवले, आणि १९८६ च्या सप्टेंबरनंतर टॉक टॉक पुन्हा कधीही मंचावर आला नाही.

काळोखातले महिने

मे १९८७ ते मार्च १९८८ या काळात उत्तर लंडनमधल्या वेसेक्स स्टुडिओत पुढचा अल्बम झाला. ही इमारत मुळात चर्चची होती. ध्वनिमुद्रक होते फिल ब्राउन. स्टुडिओ काळोखा ठेवलेला असे. नियंत्रण-कक्षात तेलाच्या रंगीत आकृत्या भिंतीवर टाकणारा प्रोजेक्टर चालू असे आणि अधूनमधून लुकलुकणारा स्ट्रोब दिवा. बाहेरून आलेल्या वादकांना लिखित स्वरलेखन मिळत नसे. समोर चाललेला तुकडा ऐकायचा आणि सुचेल ते वाजवायचे. व्हायोलिनवादक नायजेल केनेडी, डॅनी थॉम्प्सन, ट्रम्पेटवादक हेन्री लोथर, फेल्थम, मॅकिन्टॉश, चेम्सफर्डच्या कॅथीड्रलमधला गायकवृंद, असे कितीतरी जण आले आणि तासन् तास वाजवून गेले. त्यातले बहुतेक पुसले गेले. हॉलिस आणि फ्रीज-ग्रीन त्यातून काही क्षण वेचत, डिजिटल यंत्राच्या साह्याने ते तुकडे हलवत आणि ज्या जागी वादकाने स्वप्नातही कल्पना केली नसेल तेथे नेऊन बसवत.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण कौतुकाच्या भाषेने सर्वाधिक धूळ याच ठिकाणी उडवली आहे. हा अल्बम ‘उत्स्फूर्त’ आहे, ‘यंत्राविरुद्ध माणसाचा’ आहे, असे म्हटले जाते. वाजवणे उत्स्फूर्त होते यात वाद नाही, पण रचना तशी नव्हती. वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांना न भेटलेल्या माणसांनी वाजवलेल्या तुकड्यांची ती काटेकोर जुळणी आहे. एका खोलीत बसून सारे जण एकमेकांकडे पाहत वाजवत आहेत, हा जो भास होतो, तो यंत्राने आणि अफाट चिकाटीने उभा केलेला आहे. ऐंशीच्या दशकातल्या पॉपवर मुख्य आरोप हाच असतो की तेथे स्टुडिओ हेच वाद्य झाले आणि वादक मागे पडला. ‘स्पिरिट ऑफ ईडन’ने हा आरोप खोडून काढला नाही. स्टुडिओला वाद्य मानण्याची त्या दशकाची रीत त्याने तिच्या टोकापर्यंत नेली, फक्त भरण्याऐवजी रिकामे करण्यासाठी. ज्यांचे कान विलंबित ख्यालावर पोसले आहेत त्यांना दोन स्वरांमधल्या जागेचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तरी फरक हा की ख्यालात ती जागा गायक त्या क्षणी घेतो आणि येथे ती महिनोन् महिने पुसून, खरवडून मिळवलेली आहे.

या वेचणीचा खर्च कोणी केला? ज्या कंपनीला खलनायक ठरवले जाते तिनेच. आणि तिने तो केला, कारण ‘सच अ शेम’ने युरोपात रेकॉर्ड विकल्या होत्या आणि ‘लाइफ्स व्हॉट यू मेक इट’ रेडिओवर वाजले होते. पहिल्या टॉक टॉकशिवाय दुसऱ्याला स्टुडिओचे भाडे भरता आले नसते. ‘मागची चूक आणि पुढचे प्रायश्चित्त’ अशी मांडणी करणारे ही साधी नोंद विसरतात.

अपयश आणि खटला

कंपनी हवालदिल झाली. ‘आय बिलीव्ह इन यू’ ही हेरॉइनच्या विध्वंसाविषयीची रचना कापून, लहान करून सिंगल म्हणून काढली गेली आणि ती चालली नाही. बँड दौऱ्यावर जायला तयार नव्हता, कारण हे संगीत मंचावर पुन्हा उभे करता येणार नाही, असे हॉलिसचे मत होते. अल्बम १९व्या क्रमांकापर्यंत गेला.

या शेवटच्या आकड्याकडे पुन्हा पाहावे. पहिला अल्बम ब्रिटनमध्ये २१व्या आणि दुसरा ३५व्या स्थानी पोहोचला होता. म्हणजे ‘व्यापारी आत्महत्या’ म्हणून प्रसिद्ध झालेला हा अल्बम घरच्या क्रमवारीत पहिल्या दोन्ही ‘व्यापारी’ अल्बमांच्या पुढे होता. तो लवकर घसरला, आणि त्याची तुलना कायम आठव्या क्रमांकाच्या ‘द कलर ऑफ स्प्रिंग’शी झाली, हेही खरे. पण कोणीच ऐकला नाही आणि मागाहून आपणच त्याचा शोध लावला, ही कल्पना मागाहून आलेल्यांना सुखावणारी असली तरी आकड्यांशी जुळत नाही. १९८८ मध्येही हजारो लोकांनी पैसे मोजून तो घरी नेला आणि त्यांतल्या काहींनी तो जपूनही ठेवला.

न्यायालयीन लढाईचेही तसेच आहे. अल्बम विकला गेला नाही म्हणून कंपनीने बँडला कोर्टात खेचले, अशी कहाणी रूढ आहे. ज्या वादातून बँड करारातून मोकळा झाला तो वाद मात्र मुदतीचा होता. अल्बम पूर्ण झाल्यापासून तीन महिन्यांत कंपनीने करार पुढे चालू ठेवत असल्याची लेखी सूचना द्यायची होती. ध्वनिमुद्रण संपले त्या दिवसापासून मुदत मोजायची, असे बँडचे म्हणणे होते. आम्हांला ध्वनिमुद्रण समाधानकारक वाटेल तेव्हापासून मोजायची, असे कंपनीचे. खालच्या न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, अपील न्यायालयाने तो फिरवला आणि टॉक टॉक ईएमआयच्या हातून सुटला. काम पूर्ण झाले हे ठरवणार कोण, करणारा की पैसे देणारा, हा प्रश्न या रुक्ष तारखांच्या आड दडलेला आहे आणि मला तो ‘दुष्ट कंपनी विरुद्ध संत कलावंत’ या कहाणीपेक्षा कितीतरी गंभीर वाटतो.

बँड गेला तरी जुनी गाणी कंपनीकडेच राहिली होती. १९९० मध्ये तिने ‘नॅचरल हिस्टरी’ हे संकलन काढले आणि ते ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेले. टॉक टॉकचा कोणताही स्टुडिओ अल्बम इतका वर कधी गेला नव्हता. ‘इट्स माय लाइफ’ पुन्हा सिंगल म्हणून आले आणि सहा वर्षांपूर्वी ४६व्या स्थानी अडखळलेले हेच गाणे १३व्या क्रमांकावर पोहोचले. टॉक टॉकचे पहिले फेरमूल्यांकन समीक्षकांनी केलेले नाही. ते १९९० मधल्या सामान्य ग्राहकांनी केले, आणि ते ‘दुसऱ्या’ नव्हे तर ‘पहिल्या’ टॉक टॉकचे होते. पुढच्या वर्षी कंपनीने बँडला न विचारता जुन्या गाण्यांची नृत्यासाठी मोडतोड करून ‘हिस्टरी रिव्हिजिटेड’ नावाचा अल्बम काढला, तेव्हा मात्र बँडने दावा दाखल केला आणि तो अल्बम बाजारातून गेला. या एका बाबतीत कंपनीच्या वागण्याचे समर्थन करता येत नाही.

नंतरची नजर

१९९१ मध्ये, वेब सोडून गेल्यावर, पॉलिडॉरच्या व्हर्व्ह या जॅझसाठी ख्यात असलेल्या शिक्क्यावर ‘लाफिंग स्टॉक’ आला आणि त्यानंतर टॉक टॉक संपला. १९९४ मध्ये समीक्षक सायमन रेनल्ड्स यांनी ‘पोस्ट-रॉक’ ही संज्ञा रूढ केली आणि रॉकची वाद्ये घेऊन रॉक न वाजवणाऱ्या नव्या बँडांना जेव्हा पूर्वज शोधावेसे वाटले, तेव्हा ‘स्पिरिट ऑफ ईडन’ आणि ‘लाफिंग स्टॉक’ आयतेच सापडले. एल्बो या ब्रिटिश बँडच्या गाय गार्व्हीसारख्या संगीतकारांनी हॉलिसचे ऋण उघड मान्य केले. हॉलिस गप्पच राहिला, आणि त्याच्या मौनाने कथेला जे वलय दिले ते कोणत्याही जाहिरातीला देता आले नसते. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी ६४व्या वर्षी तो गेला, त्यानंतर आलेल्या मृत्युलेखांत ‘दोन टॉक टॉक’ची कथा पुन्हा पुन्हा सांगितली गेली.

दरम्यान २००३ मध्ये नो डाउट या अमेरिकन बँडने ‘इट्स माय लाइफ’ नव्याने गायले आणि ते अमेरिकेत पहिल्या दहांत गेले. ज्यांनी टॉक टॉकचे नावही ऐकले नव्हते त्यांच्या ओठांवर हॉलिसची चाल बसली. हे यश पोस्ट-रॉकच्या वंशावळीत कोठेच बसत नाही म्हणून ते तळटिपेत ढकलले जाते. माझ्या दृष्टीने ते मुख्य मजकुरात हवे, कारण गाणे मुळात भक्कम बांधलेले होते याचा तो पुरावा आहे. वरचा ऐंशीचा साज बदलला तरी सांगाडा हलला नाही.

आता पुरावे एकत्र ठेवून पाहू. ‘स्पिरिट ऑफ ईडन’च्या सुरुवातीला ज्याचा ट्रम्पेट ऐकू येतो तो हेन्री लोथर १९८४ च्या ‘इट्स माय लाइफ’ अल्बमवरही आहे, आणि ‘टुमॉरो स्टार्टेड’मध्ये तो ट्रम्पेट तसाच एकाकी वाजतो. मॅकिन्टॉश तेव्हापासूनचाच, थॉम्प्सन आणि फेल्थम १९८६ पासूनचे. पहिल्यापासून शेवटपर्यंत मुखपृष्ठे जेम्स मार्श यांचीच. ‘इट्स माय लाइफ’च्या व्हिडिओत हॉलिस लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तोंड मिटून उभा आहे आणि ओठ हलवण्याच्या जागी पडद्यावर रेघोट्या येतात; गाण्याचे सोंग करायला त्याने दिलेला तो नकार दिग्दर्शक टिम पोप यांनी तसाच ठेवला. कंपनीने व्हिडिओ पुन्हा करायला लावला, तेव्हा त्याने मुद्दाम उथळपणे ओठ हलवले. हे १९८४ मध्ये, म्हणजे तथाकथित जागृतीच्या चार वर्षे आधी.

‘दोन टॉक टॉक’ची कथा इतकी टिकली याचे कारण टॉक टॉकमध्ये नाही, ऐकणाऱ्यांत आहे. ज्या पिढीने नव्वदच्या दशकात गिटारच्या संगीतावर श्रद्धा ठेवली तिला आधीच्या दशकाचा सिंथेसायझर खोटा वाटत होता, आणि त्या दशकातले काही आवडलेच तर ते त्या दशकाचे नव्हतेच, असे सिद्ध करण्याची तिला गरज पडे. गायिका केट बुश किंवा जपान आणि द ब्लू नाइल हे बँड यांच्याबाबतही ‘काळाच्या पुढे’ हा शब्दप्रयोग याच कारणाने सैल हाताने वापरला गेला. हे कलावंत काळाच्या पुढे नव्हते. त्यांच्या काळात सिंगलवर पैसा लावणारी कंपनी, महिनोन् महिने स्टुडिओत बसू देणारे अंदाजपत्रक आणि ध्वनी तुकड्यातुकड्यांनी रचण्याचे तंत्र, हे सारे एकत्र उपलब्ध होते. त्यांनी ते वापरले. असा योग त्याआधी क्वचित जुळला होता आणि पुढे अंदाजपत्रके आटली तसा तो आणखी दुर्मीळ झाला.

हॉलिसने स्वतः या कथेला मान्यता दिल्याचे त्याच्या कामात तरी दिसत नाही. १९९८ मध्ये त्याने केवळ स्वतःच्या नावाने एकच अल्बम काढला, पुन्हा फिल ब्राउन यांच्यासोबत, आणि या वेळी सारे काही दोन मायक्रोफोनांसमोर. सुरुवातीचे काही सेकंद काहीच वाजत नाही, केवळ खोलीची हवा ऐकू येते. मग पियानोचे मोजके स्वर आणि गळा. या पहिल्या गाण्याला त्याने जे नाव दिले ते नवे नाही. ते आहे ‘द कलर ऑफ स्प्रिंग’, म्हणजे १९८६ च्या त्या पॉप अल्बमचेच नाव, ज्याच्यापासून तो दूर निघून गेला असे सगळे सांगत आले होते.